भाडेकायदा दाराच्या आत सुरू होतो, आपण दाराबाहेर उभे आहोत

बंगळूरमध्ये घर भाड्याने द्यायचं असलं की गेटला पाटी लागते, ‘मने बाडिगेगे इदे’. घर भाड्याने आहे. खाली फोन नंबर. काही पाट्यांवर त्याखाली आणखी एक ओळ असते, ‘फक्त शाकाहारी’. काहींवर ‘फक्त फॅमिली’. ही शेवटची ओळ कोणत्या कायद्यात बसते, असा प्रश्न या शहरात फारसा कुणाला पडत नाही.

भाड्याच्या घरांवर चर्चा मात्र भरपूर होते. भाडं किती चढलं, अ‍ॅडव्हान्स किती महिन्यांचा मागितला, घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली किती पैसे कापले. या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्या घर मिळालेल्या माणसाच्या तक्रारी आहेत. ज्याला फोनवरच ‘घर गेलं’ असं सांगितलं गेलं, तो या चर्चेत कुठेच नाही. आणि तो या चर्चेत नाही, कारण तो कायद्यातही नाही.

भाडेकायदा आणि खेड्यातून शहरात होणारं स्थलांतर यांचा संबंध अर्थशास्त्राच्या पुस्तकात एका साखळीत सांगितला जातो. नियंत्रण वाढलं की भाड्याची घरं कमी होतात, घरं कमी झाली की गावचा माणूस गावातच अडकतो, म्हणून नियंत्रण उठवा. मला या साखळीची पहिली कडीच चुकीच्या जागी बसवलेली वाटते. आपल्याकडच्या भाडेकायद्यांनी, जुन्या आणि नव्या दोन्ही, मालक आणि भाडेकरू यांच्यातला व्यवहार तेवढा पाहिला. भाडेकरू कुणी व्हायचं, हे मालकावर सोडलं. मालकावर सोडलं म्हणजे जातीवर सोडलं. त्यामुळे गावातून शहरात कोण येणार, किती दिवस टिकणार, एकटा राहणार की आई-वडिलांना आणणार, हे शहरातल्या घरमालकाच्या हातात गेलं. गावाची वेस आपण ओलांडली, पण तिचे राखणदार शहरात आपल्या आधी पोचले होते.

अ‍ॅडव्हान्सचं गणित

आधी पैशाचं बोलू, कारण त्यात जात दिसत नाही असं सगळ्यांना वाटतं.

बंगळूरमध्ये डिपॉझिटला अ‍ॅडव्हान्स म्हणतात आणि दहा महिन्यांचं भाडं अ‍ॅडव्हान्स घ्यायची इथली जुनी रीत आहे. आता कुठे सहा महिन्यांवर, कुठे पाचवर तडजोड होते, पण दहा महिने ऐकून कुणी दचकत नाही. एका बेडरूमचं साधं घर १८,००० रुपयांचं धरा. दहा महिन्यांचे १,८०,००० झाले. पहिल्या महिन्याचं भाडं आणि ब्रोकरचं एक महिन्याचं कमिशन मिळवलं की २,१६,००० रुपये, तेही किल्ली हातात पडायच्या आधी.

आता हा आकडा गावाकडून पाहा. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती आणि हमी होती वर्षाला शंभर दिवसांची. म्हणजे शंभरच्या शंभर दिवस काम मिळालं, मजुरी वेळेवर आली आणि त्यातला एक रुपयाही खर्च केला नाही, तर वर्षाला २९,७०० रुपये. १,८०,००० जमायला सहा वर्षं. सहा वर्षं घरात कुणी जेवायचं नाही, कुणी आजारी पडायचं नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं की अ‍ॅडव्हान्स परत मिळतो. ज्याच्याकडे तो आधीच होता, त्याला परत मिळतो. ज्याने तो गावातून शेकडा तीन रुपये महिन्याने उचलला, त्याला दर महिन्याला ५,४०० रुपये व्याज जातं. त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्याला, ज्याच्या वडिलांनी मुदत ठेव मोडून पैसे दिले, ते घर १८,००० ला पडतं. आपल्याला तेच घर २३,४०० ला पडतं. भाडं एकच, पावती एकच, किंमत वेगळी. ज्यांच्या आजोबांच्या नावावर जमीन होती आणि ज्यांचे आजोबा त्या जमिनीवर राबत होते, त्यांच्यातला फरक शहरात असा महिन्याच्या महिन्याला वसूल होतो.

सरकारला हे गणित कळत नाही असं नाही, ते करायचं नाही. महाराष्ट्राच्या समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना घ्या. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये देण्याची ती योजना आहे. त्यातले निवासासाठी २०,०००. महिन्याला सोळाशे सदुसष्ट रुपये. पुण्यात या पैशात कोणती खोली मिळते, ते योजना लिहिणाऱ्यांनी एकदा जाऊन पाहावं. आणि अ‍ॅडव्हान्ससाठी त्या योजनेत रकानाच नाही.

कायदा कुणाला ओळखतो?

कर्नाटकचा भाडे कायदा १९९९चा. तो २००१च्या अखेरीस लागू झाला. बंगळूरमध्ये महिना ३,५०० रुपयांपेक्षा जास्त भाड्याची घरं या कायद्याच्या बाहेर आहेत. आज ३,५०० रुपयांत या शहरात पीजीमधली एक खाटसुद्धा मुश्किलीने मिळते. म्हणजे कायदा पुस्तकात आहे आणि शहर पुस्तकाबाहेर आहे.

मग उरतो अकरा महिन्यांचा करार. अकराच का? कारण १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणी टाळायची म्हणून अकरा महिने. दर अकरा महिन्यांनी भाडेकरूची जणू नव्याने मुलाखत होते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच असावं असं म्हटलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण हा नुसता नमुना आहे, राज्यांनी स्वीकारला तर लागू. आणि पूर्ण नमुना वाचला तर लक्षात येतं की त्यात लेखी करार आहे, भाडे प्राधिकरण आहे, मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला दुप्पट-चौपट भाड्याचा दंड आहे. नाही ते फक्त एक कलम. जात, धर्म किंवा आहार पाहून घर नाकारता येणार नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. २१व्या शतकात भारतात भाड्याच्या घरांचा आदर्श लिहायला बसलेल्या माणसांना या देशात जात आहे हे आठवलं नाही.

जुना कायदा आपल्या बाजूचा होता, असंही मी म्हणणार नाही. मुंबईत १९४७च्या कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला संरक्षण दिलं. गिरणगावातल्या लाखो कुटुंबांना त्या संरक्षणाने तगवलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संरक्षण मिळालं ते आत असलेल्याला. खोली पागडीने हातोहात फिरली, ती नात्यात, गाववाल्यांत, ओळखीत. आपल्याकडे ओळख म्हणजे बहुतेक वेळा जातच. त्या कायद्याने आतल्याला राखलं. आजचा बाजार पैसेवाल्याला आत घेतो. दाराशी उभ्या माणसाला नाही का म्हटलं, हे दोघांनीही विचारलं नाही.

बाजारवादी म्हणतील, स्पर्धा वाढू द्या, भेदभाव आपोआप संपेल. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडणी केली की भेदभाव करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. भाडेकरू नाकारला तर घर रिकामं, भाडं बुडालं. कागदावर पटतं. पण बंगळूरमध्ये एका घरामागे दहा फोन येतात. दलित मुलीला नाही म्हणून मालकाचा एक दिवसही बुडत नाही, अकरावा फोन कुणाचा तरी येतोच. टंचाईच्या बाजारात भेदभाव फुकट करता येतो. २००१पासून बंगळूरची बहुतेक घरं नियंत्रणाबाहेरच आहेत. दोन दशकांहून जास्त काळ हा प्रयोग चालू आहे. इमारती उभ्या राहिल्या, पाटीवरची शेवटची ओळ गेली नाही.

घरंच नाहीत, हेही अर्धसत्य आहे. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी होती. कुलूप लावलेलं घर परवडतं, पण ‘कुणालाही’ दिलेलं घर परवडत नाही, असा मालकवर्ग आपण घडवला आहे.

दारातली चौकशी

महाराष्ट्रात आपलं आडनावच पुरेसं असतं. पुण्यात आडनाव सांगितलं की समोरच्याचा आवाज बदलतो. बंगळूरला आल्यावर मला सुरुवातीला बरं वाटलं, कारण माझं आडनाव इथे कुणाला वाचता येत नव्हतं. दक्षिण कर्नाटकात बऱ्याच लोकांना आडनावच नसतं, नावाआधी गावाची आणि वडिलांच्या नावाची अक्षरं असतात. उदगीरकडचं आडनाव ऐकून इथला मालक गोंधळतो.

पण जातीला ओळखपत्र मिळालं नाही तर ती चौकशी करते. एका ब्रोकरने फोनवर विचारलेले प्रश्न मी नंतर वहीत क्रमाने लिहून ठेवले होते. गाव कुठलं? मराठा का? घरी काय खाता? अंडं? देवाचं काय करता? वडील काय करतात, शेती स्वतःची? शेवटी, ‘मॅडम, ओनर चांगले आहेत, पण खाली त्यांची आई राहते.’ या आईला मी पुढच्या सात-आठ घरांत भेटले. प्रत्येक घरात खाली कुणाची तरी आई राहत होती आणि तिला मटणाचा वास सहन होत नव्हता. विद्यापीठाचं पत्र, शिष्यवृत्तीचा आदेश, आधीच्या मालकाचा नंबर, यातलं काही कुणी मागितलं नाही.

‘शाकाहारी’ हा शब्द इथे फार कामाचा आहे. कर्नाटकातले बहुसंख्य लोक मांस, मासे, अंडी खातात. तरी घराच्या पाटीवर शाकाहार हा स्वच्छतेसारखा, शांततेसारखा साधा गुण म्हणून येतो. जातीचं नाव न घेता जात विचारायची ही सभ्य पद्धत आहे. मुसलमान, ख्रिस्ती, ईशान्येकडून आलेली मुलं, आपण, सगळे या एका शब्दाने गेटबाहेर.

ही माझ्या एकटीची गोष्ट असती तर लिहिली नसती. २०१५ मध्ये सुखदेव थोरात, अनुराधा बॅनर्जी, विनोद मिश्रा आणि फिरदौस रिझवी यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांतल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मांडला. सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम अशा तीन ओळखींनी त्याच घरांसाठी विचारणा केली. फोनवर दलित ओळख सांगितल्यावर सुमारे १८ टक्के आणि मुस्लिम ओळखीला सुमारे ३१ टक्के वेळा सरळ नकार आला. याखेरीज अटी घालून होकार देणारे वेगळेच. सवर्ण हिंदू नावाला सरळ नकार मिळाला नाही.

नकार असा साठत गेला की त्याचा नकाशा होतो. त्रिना विथयाथिल आणि गायत्री सिंग यांनी २०१२ मध्ये २००१च्या जनगणनेवरून दाखवलं की बंगळूरसह देशातल्या सात सर्वांत मोठ्या शहरांत वस्त्या आर्थिक स्तरापेक्षा जातीनुसार जास्त विभागलेल्या आहेत. नवीन भारती, दीपक मलघन आणि अंदलीब रहमान यांनी बंगळूरमध्ये राहूनच पुढचं काम केलं. प्रभागाच्या पातळीवर वस्ती मिश्र दिसते, पण जनगणनेच्या छोट्या गटांपर्यंत खाली उतरलं की त्याच प्रभागात जातीजातीच्या वेगळ्या गल्ल्या दिसतात. त्यांच्या एका निबंधाचं शीर्षकच ‘व्हिलेज इन द सिटी’ असं आहे. शहरातलं गाव. हे गाव कुणी वसवलं? सरकारने हुकूम काढला नव्हता. ते एकेका गेटवर, एकेका फोनवर, अकरा-अकरा महिन्यांच्या करारांनी वसलं.

पाय शहरात, नाव गावात

मग माणसं राहतात कुठे? शिकलेली मुलं पीजीत राहतात. पीजीत जात विचारत नाहीत, कारण तिथे माणूस भाडेकरू नसतो, खाट असतो. एका खोलीत तीन-चार जण, रात्री दहाला दार बंद, स्वयंपाक नाही, पाहुणा नाही. बहुतेक ठिकाणी करारही नाही. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून गॅस नाही, मतदार यादीत नाव नाही, घरभाड्याची करसवलत मागायला पावती नाही. आई आजारी पडली तर तिला शहरातल्या दवाखान्यात आणून कुठे ठेवायचं? खाटेवर?

यामुळे आपलं स्थलांतर पुरं होतच नाही. ते येणं-जाणं होऊन राहतं. यान ब्रेमन यांनी गुजरातच्या मजुरांबद्दल ‘फुटलूज लेबर’ हे पुस्तक १९९६ मध्ये लिहिलं. पदवी घेतलेली आपली पिढीही त्याच अर्थाने सैल पायांची आहे, फक्त खांद्यावर लॅपटॉपची बॅग आहे. नोकरी शहरात, रेशनकार्ड गावात. पगार शहरात, मत गावात, आणि तेही त्याच गावात जिथे ग्रामपंचायत कुणाच्या हातात आहे हे आपल्याला चांगलं माहीत आहे. शहराच्या राजकारणात आपण मोजलेच जात नाही.

बांधकामावर आलेल्या मजुरांचं तर विचारूच नका. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला की मजुरांकडून मालकांनी महिनाभराचं भाडं मागू नये, घर खाली करायला लावू नये. करारच नसलेल्या माणसाने हा आदेश कुणाला दाखवायचा होता? मे २०२०च्या पहिल्या आठवड्यात कर्नाटक सरकारने मजुरांना घरी नेणाऱ्या श्रमिक गाड्या रद्द करायची विनंती रेल्वेला केली, तीही मुख्यमंत्र्यांची बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाल्यावर. टीका झाली तेव्हा निर्णय मागे घेतला. या शहराला आपले हात हवे होते, इतके की गाडी थांबवायची तयारी होती. त्या हातांना घर द्यायची तयारी मात्र नव्हती.

आपल्या चळवळीला हे आधीच कळलं होतं

१९१७ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया आणि लंडनहून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. त्या शहरात त्यांना खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले आणि काही दिवसांनी काठ्या घेतलेल्या पारशी लोकांच्या घोळक्याने त्यांना बाहेर काढलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राने जागा द्यायची टाळाटाळ केली. ते बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे लिहिलं आहे. आपण हा प्रसंग अपमानाची गोष्ट म्हणून सांगतो. त्यात रोजगाराचीही गोष्ट आहे. पदवी होती, नोकरी होती, संस्थानाचा पाठिंबा होता. खोली नव्हती म्हणून नोकरी गेली.

मुंबईत मात्र बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षं राहिले. ही चाळ सुधार ट्रस्टची, म्हणजे सरकारी यंत्रणेची होती. कोकणातून, देशावरून आलेल्या आपल्या हजारो माणसांना मुंबईत पाय ठेवायला जागा मिळाली ती अशाच ठिकाणी. ट्रस्टच्या चाळी, १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी, रेल्वेची आणि पालिकेची क्वार्टर्स. तिथे जात नव्हती असं नाही. १९७४च्या वरळीच्या दंगलीत बीडीडी चाळींत काय झालं ते पँथरची पिढी सांगेल. पण मालक सरकार होतं, म्हणून खालच्या मजल्यावरच्या आईचं कारण देऊन दार लावता येत नव्हतं. सार्वजनिक मालकीची भाड्याची घरं नसती तर मुंबईतली आंबेडकरी चळवळ कुठे उभी राहिली असती, याचा विचार करून पाहा.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं काढली, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडलं. छप्पर आधी, शिक्षण नंतर, हा क्रम त्यांना स्वच्छ दिसत होता. आपण शिक्षणाचं आरक्षण मिळवलं, नोकरीचं मिळवलं, आणि मधली खोली बाजाराला देऊन टाकली.

‘माझं घर, माझी मर्जी’

सगळ्यात जड युक्तिवाद हाच आहे. घर खाजगी मालमत्ता आहे, कुणाला ठेवायचं ते मालक ठरवणार.

पहिली गोष्ट, भाड्याने देणं म्हणजे घरात पाहुणा ठेवणं नव्हे, तो धंदा आहे. त्या धंद्याच्या उत्पन्नावर आयकर खातं ३० टक्के प्रमाणित वजावट देतं, गृहकर्जाच्या व्याजावर सवलत देतं. बंगळूर विकास प्राधिकरणाचे लेआउट शेतकऱ्यांची जमीन सार्वजनिक कारणासाठी संपादित करून पडले. जमीन सार्वजनिक कारणासाठी, सवलत सार्वजनिक तिजोरीतून, मर्जी मात्र खाजगी?

दुसरी गोष्ट, संविधानाचं कलम १५(२). दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक ठिकाणी जात-धर्मावरून मज्जाव करता येत नाही, असं ते सांगतं. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट केलं की ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे, सेवा देणारा कुणीही त्यात येतो. २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच व्यापक अर्थाचा आधार घेतला. पण त्याच न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या झोराष्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, फक्त पारशांनाच सभासद करण्याचा संस्थेचा नियम वैध ठरवला होता. एका अल्पसंख्य समाजाच्या संस्थेसाठी लागलेला तो निकाल आज बलिष्ठ जातींच्या सोसायट्यांच्या कामी येऊ शकतो. या दोन निकालांमधली फट संसदेने आणि विधानसभांनी कायदा करून बुजवायला हवी होती. कुणी बुजवली नाही.

तिसरी गोष्ट आपल्यातल्याही फार थोड्यांना माहीत आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५. त्याच्या कलम ४ च्या आठव्या उपकलमात कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधणं, घेणं किंवा त्यात राहणं यात अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. कलम १२ म्हणतं की असं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडलं तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडलं असं न्यायालयाने गृहीत धरायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी समोरच्याची. सत्तर वर्षं हे कलम पुस्तकात आहे. भाड्याच्या घरासाठी ते वापरायला पोलीस ठाण्यात गेलात तर आधी ते कलम हवालदाराला वाचून दाखवावं लागेल.

इतर देशांनी काय केलं? ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीयांना आणि आयरिश लोकांना घर मिळणार नाही अशा पाट्या लागत. १९६८च्या वंशसंबंध कायद्याने घर नाकारणं बेकायदा ठरवलं. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, न्याय्य निवास कायदा आला. स्वतः राहत असलेल्या छोट्या घराच्या मालकाला त्यात काही सूट आहे, पण भेदभावाची जाहिरात करायची सूट त्यालाही नाही. त्या देशांतला वंशभेद संपला नाही. पण नाकारलेल्या माणसाला तक्रार घेऊन जायला जागा मिळाली. बंगळूरच्या ज्या घरमालकाचा मुलगा न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहतो, त्या मुलाला घर नाकारलं गेलं तर हाच कायदा त्याच्या पाठीशी उभा राहील. इकडे वडील मात्र पाटीवर ‘फक्त शाकाहारी’ लिहितात.

मागायचं काय

भाडे कायद्यात भेदभावबंदीचं स्पष्ट कलम हवं. जात, धर्म, आहार, लग्न झालं आहे की नाही, हे विचारून घर नाकारणं बेकायदा, आणि जबाबदारी फक्त मालकावर नको, ब्रोकरवर आणि घरं दाखवणाऱ्या अ‍ॅपवरही हवी. ‘फक्त शाकाहारी’ हा पर्याय देणारं बटण कुणीतरी बनवलेलं असतं. थोरातांच्या गटाने केली तशी चाचणी, म्हणजे दोन नावांनी एकाच घराला फोन, अनुसूचित जाती आयोगाने आणि महापालिकांनी नियमित करावी.

दोन महिन्यांची डिपॉझिटची मर्यादा नमुन्यातून काढून राज्याच्या कायद्यात घाला, ३,५०० रुपयांची उंबरठा-रेषा काढून. शिष्यवृत्ती देणाऱ्या खात्यांनी डिपॉझिटची हमी घ्यावी. मालकाला रोख कशाला, सरकारी हमीपत्र द्या. वसतिगृह पदवीच्या निकालाबरोबर संपतं आणि पहिला पगार त्यानंतर काही महिन्यांनी येतो. आपली बरीच मुलं याच मधल्या काळात गावी परततात. त्या दोन वर्षांसाठी शहरांत सार्वजनिक मालकीची भाड्याची घरं हवीत. जुलै २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांच्या योजनेला मंजुरी दिली. तिची मालकी आणि निवड खाजगी हातांत देऊ नका, एवढंच बीडीडी चाळींनी शिकवलं आहे.

आणि आपण? नकाराची नोंद ठेवूया. फोन कधी केला, काय विचारलं, व्हॉट्सअ‍ॅपवर काय आलं, तारखेसह. एकट्याचा नकार किस्सा ठरतो, शंभर नोंदींची याचिका होते. भीमजयंतीची वर्गणी आपण दरवर्षी जमवतो. त्याच शिस्तीने शहराशहरात डिपॉझिटचा निधी उभारता येईल, गावाकडून येणाऱ्या पुढच्या मुलीला शेकडा तीनने पैसे उचलावे लागू नयेत म्हणून. आपल्यातले काही जण आता कर्ज काढून फ्लॅट घेत आहेत. ते भाड्याने देताना आपणही ‘फॅमिली ओन्ली’ लिहिणार आहोत का, मुसलमान मुलाला ‘सोसायटीचा प्रॉब्लेम आहे’ म्हणणार आहोत का, हे आत्ताच ठरवायला हवं.

राज्यांचे भाडे कायदे पुढेमागे बदलणार आहेत. मसुदा येईल, हरकती मागवल्या जातील. मालकांच्या संघटना आणि बिल्डरांच्या संघटना आपापली पत्रं पाठवतील. ज्याला घराचं दारच उघडलं गेलं नाही, त्याचं पत्र आजवर त्या फाइलमध्ये गेलेलं नाही. पहिल्या पिढीचे पदवीधर म्हणून आपल्याला अर्ज लिहिता येतो. तो लिहूया.